फुक्स डिस्ट्रॉफीत अख्खं बुबुळ बदलावं लागतं, की आतला पापुद्रा बदलून भागतं?

तुमच्या आईंना सकाळी उठल्यावर धुरकट दिसतं, दुपारपर्यंत निवळतं, निदान फुक्स डिस्ट्रॉफीचं आहे आणि डॉक्टर म्हणतात ‘फक्त आतला थर बदलू’. मुळात अर्ध्या मिलिमीटरच्या बुबुळातून एक थर वेगळा निघतो तरी का, अशी तुमची शंका आहे.

निघतो. मी नेत्रपेढीत तंत्रज्ञ आहे आणि तो थर सोलणं हेच माझं काम. डॉक्टर मी नाही, त्यामुळे निर्णय आईंच्या डॉक्टरांचाच. मी टेबलाच्या या बाजूने जे दिसतं ते सांगते.

आधी सकाळच्या धुक्याचं. बुबुळ, म्हणजे कॉर्निया, पारदर्शक राहतो तो त्यात पाणी मर्यादेत असतं म्हणून. डोळ्यातलं पाणी आतून त्यात सतत झिरपत असतं आणि सगळ्यात आतली षट्कोनी पेशींची एकपदरी फरशी ते उपसून परत टाकत असते. मोठ्या माणसात चौरस मिलिमीटरला अडीच ते तीन हजार पेशी. या पेशी नव्याने तयार होत नाहीत; एक गेली की शेजारच्या पसरून तिची जागा भरतात. फुक्समध्ये त्या भराभर जातात आणि खालच्या डेसिमेट पापुद्र्यावर बारीक पुटकुळ्या उठतात. संख्या पाचशेच्या आसपास आली की उपसा पुरत नाही. दिवसा उघड्या डोळ्यावरून बाष्पीभवन होतं, तेवढा हातभार लागतो. रात्रभर पापण्या मिटलेल्या, म्हणून पाणी साठतं आणि सकाळी धुकं. पाच टक्के मिठाचे थेंब देतात ते हे पाणी ओढून घेण्यासाठी. आराम पडतो, पेशी परत येत नाहीत.

१९०५ साली एडुआर्ड झिर्म यांनी ओलोमोउत्समध्ये माणसाच्या डोळ्यात पहिलं यशस्वी पूर्ण कॉर्निया रोपण केलं. पुढे जवळजवळ शतकभर फुक्ससाठीही तोच मार्ग राहिला: मोटर बिघडली म्हणून अख्खी विहीरच नवी खणायची! केसाहून बारीक टाक्यांनी नवा कॉर्निया शिवायचा, वर्षभर ते टाके सांभाळायचे आणि शेवटी नंबर वेडावाकडा. २००६ मध्ये नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी फक्त डेसिमेट पापुद्रा आणि त्यावरच्या पेशी बसवल्या. जाडी दहा-पंधरा मायक्रॉन. याला डीमेक म्हणतात, आणि तुमच्या डॉक्टरांच्या मनात बहुधा हेच आहे.

माझ्या टेबलावर कॉर्निया वाटीसारखा उपडा न ठेवता सुलटा, आतली बाजू वर करून ठेवतात. निळा रंग टाकला की पापुद्र्याची कड दिसते. ती उचलायची, चिमट्यात धरायची आणि द्रवाखालीच हळूहळू ओढत न्यायची. या वेळी मी शेजारणीशीही बोलत नाही. सुटला की तो आपोआप गुंडाळतो, पेशी बाहेरच्या बाजूला ठेवून. उलटा बसला तर सगळं वाया, म्हणून आम्ही त्यावर रोमन ‘एस’ अक्षराचा बारीक शिक्का मारून देतो; डोळ्यात अक्षर सुलट वाचता आलं की सर्जनला खात्री पटते. गंमत म्हणजे तरुण दात्याचा पापुद्रा घट्ट गुंडाळतो आणि सोलताना फाटतो, म्हणून आम्हाला पन्नाशीपुढचे दाते बरे पडतात. ‘या वयात माझे डोळे कुणाला हवेत’ म्हणणारे आजोबा-आजी भेटले की मी हे हमखास सांगते.

सर्जन ती गुंडाळी तीनेक मिलिमीटरच्या छेदातून आत सोडतात, उलगडतात आणि खालून हवेचा किंवा गॅसचा बुडबुडा देऊन चिकटवतात. बुडबुडा वर चढतो, म्हणून उताणं पडून राहायचं. खरी मेहनत आईंची इथेच आहे; पाठदुखी असेल तर आधीच सांगा. बुडबुडा विरेपर्यंत विमानप्रवास नाही. पापुद्र्याची कड सुटली तर पुन्हा हवा भरतात. तेवढ्यावरून ऑपरेशन फसलं असं समजून घाबरू नका. शरीराने रोपण नाकारण्याचा धोकाही पुष्कळच कमी: २०१२ च्या एका तुलनेत दोन वर्षांत पूर्ण रोपणात १८ टक्के, डीमेकमध्ये १ टक्का. तरी स्टेरॉइडचे थेंब मनाने बंद करायचे नाहीत.

‘स्टेम सेलची वाट बघू का’ असंही तुम्ही विचारलंय. क्योटोच्या शिगेरू किनोशितांच्या गटाने दात्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून (या स्टेम सेल नव्हेत) सुईने डोळ्यात सोडल्या. ११ रुग्णांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. तिथे रुग्णाला तीन तास पालथं ठेवतात, कारण पेशी खाली बसायला हव्यात, आमच्या बरोबर उलट! जपानमध्ये २०२३ साली त्याला मंजुरीही मिळाली. काही निवडक रुग्णांत तर पापुद्र्याचा मधोमधचा खराब भाग नुसता काढतात, काहीच बसवत नाहीत, आणि कडेच्या पेशी सरकून जागा भरतात. रिपासुडिल हे काचबिंदूचं औषध त्याला मदत करतं का, यावर अभ्यास चालू आहेत. म्हणजे माझं काम हळूहळू जाणार, हे मला दिसतंय. पण धुकं दुपारनंतरही हटत नसेल तर केवळ संशोधनाच्या आशेवर थांबण्यात मला अर्थ दिसत नाही. बुबुळ फार दिवस सुजलेलं राहिलं तर मधला थरही गढुळतो, आणि मग नुसता पापुद्रा पुरत नाही.

मोतीबिंदूही असेल तर दोन्ही एकाच वेळी करायचं का, हे विचारून घ्या. नुसत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननेही या पेशी कमी होतात. आणि हा आजार बऱ्याचदा घराण्यात चालतो, तेव्हा आईंच्या पुढच्या तपासणीला जाल तेव्हा स्वतःच्याही पेशी मोजून घ्या. त्यात फक्त एक फोटो काढतात, पुष्कळ यंत्रं तर डोळ्याला टेकतही नाहीत.