सासूबाईंचं करताना राग येतो तेव्हा

पोरी, रविवारी उपासना सुटल्यावर तू हळूच म्हणालीस, "काकू, मला सासूबाईंचा राग येतो, मी कसली ख्रिस्ती?" ते डोक्यातून जात नाही.

मी सासऱ्यांचं लकव्यात 9 वर्षं केलं. दिवसभर कापूस वेचून पाठ मोडलेली, रात्री दोनला ओली चादर बदलायची, आणि नणंद फोनवर विचारणार, "बाबांना वेळेवर देता ना जेवायला?" राग पाप म्हणून गिळत राहिले, तर तो हातातून निघाला. कूस बदलताना त्यांना जोरात ओढलं. ते काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. ते डोळे अजून दिसतात मला.

म्हणून राग आधी देवासमोर ओत. बायबलातलं स्तोत्र 13 सुरूच गाऱ्हाण्याने होतं. आणि 1 राजे 19 वाच. त्यात एलीया संदेष्टा मरण मागतो, तर देव त्याला झापत नाही. झोपू देतो, दूताकरवी भाकर-पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. तुलाही आधी झोपच हवी आहे.

दर 2 तासांनी सासूबाईंची कूस बदलायची, पण सगळ्या पाळ्या तुझ्याच का? रात्रीची एक नवऱ्याला दे. नणंदेला "कधीतरी या" म्हणू नको, "तुरीच्या कापणीत 8 दिवस या" असं स्पष्ट सांग. हात उगारावासा वाटला तर सासूबाईंना नीट निजवून अंगणात जा. मन फार जड झालं तर 14416 वर फोन कर. ती टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी, फुकट, रात्रीही.

बुधवारी दुपारी मी येऊन बसते त्यांच्यापाशी. तू झोप.