युरोप सोडून परदेशातलं कोणतं जुनं गाव बघावं?

तुम्ही विचारलंय की पॅरिस, रोम, प्राग सगळेच सांगतात, ते सोडून परदेशात पाहिलेलं एखादं ऐतिहासिक गाव सांगा आणि तिथे खरंच काय वाटलं तेही लिहा. माझं उत्तर बुखारा. उझबेकिस्तानातलं.

आधी माझा चष्मा कोणता ते सांगून टाकतो. मी इतिहासाचा माणूस नाही. नोकरी सगळी पाणीपुरवठ्यात गेली. विहिरी, नळयोजना, उंच टाक्या. त्यामुळे कुठेही गेलो की पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे आधी शोधतो. ही म्हणते, "तुम्हाला ताजमहाल दाखवला तरी तुम्ही मागची गटारंच बघाल." खोटं नाही.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही दोघं गेलो. दिल्लीहून थेट विमान ताश्कंदला. तिथे शास्त्रीजींचा अर्धपुतळा आहे, त्याला नमस्कार केला. 1966च्या त्या भारत-पाक वाटाघाटींना यशवंतराव चव्हाणही संरक्षणमंत्री म्हणून हजर होते, हे हिला तिथे उभं राहून सांगताना जरा बरं वाटलं. शंभर डॉलर मोडले की दहा लाखांच्या वर सोम हातात येतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी लखपती झालो.

मग अफ्रासियाब नावाच्या वेगवान गाडीने समरकंद. दोन-सव्वादोन तासांत पोचलो. रेगिस्तान चौकात तीन बाजूंना तीन मदरशे, निळ्या फरशीकामाने नुसते लखलखतात. पहिल्यांदा बघताना तोंडातून शब्द फुटत नाही हे कबूल. पण माझं लक्ष मिनारांकडे. शेरदोर मदरशाचे मिनार चक्क बाहेर झुकल्यासारखे दिसतात. समोरच्या उलुगबेग मदरशाचा एक मिनार तर इतका कलला होता की 1932 साली तो सरळ करून घ्यावा लागला. 1420 साली पुरं झालेलं बांधकाम, आणि शुखोव नावाच्या रशियन अभियंत्याच्या आराखड्यावरून तो मिनार सरळ केला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

बीबी खानुम मशीद बघून मात्र हसू आलं. दिल्ली लुटून परतल्यावर तैमूरने 1399 साली ती बांधायला काढली आणि कामगारांच्या मागे हात धुऊन लागला. त्याच्याकडे आलेला स्पॅनिश राजदूत क्लाव्हिहो लिहून गेलाय की म्हातारा स्वतः कामावर येऊन बसायचा आणि खालच्या खड्ड्यात राबणाऱ्यांकडे मांसाचे तुकडे आणि नाणी फेकायचा. पाच वर्षांत इमारत उभी, आणि थोड्याच काळात पडझड सुरू. आज दिसते ती बरीचशी विसाव्या शतकातली दुरुस्ती. उद्घाटनाची तारीख आधी आणि काम नंतर ठरलं की काय होतं, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

समरकंद बघायचं गाव आहे. बुखाऱ्यात जाऊन बसायचं.

बुखाऱ्याचं स्टेशन गावाबाहेर बारा-पंधरा किलोमीटरवर कागानला आहे. धूर सोडणारी ती 'सैतानाची गाडी' अमिराला, म्हणजे तिथल्या राजाला, गावाजवळ नको होती म्हणून, असं सांगतात. टॅक्सीने जुन्या गावात शिरलो तर गल्ल्या अरुंद, भिंती मातीच्या रंगाच्या, रस्त्याकडे खिडकी जवळपास नाही. आमचा मुक्काम एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात होता, तिथे आता पाहुणे ठेवतात. दाराआड आलो आणि एकदम चौक! चौकाभोवती खोल्या, एका बाजूला लाकडी खांबांचा उंच ओटा, मधे डाळिंबाचं झाड. वाड्यात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये, पण वाटलं.

संध्याकाळी ल्याब-ए-हौजवर गेलो. नावाचा अर्थच हौदाचा काठ. आपल्यासारखाच 'हौज' शब्द. 1620 सालचा हा दगडी तलाव, आणि चारी बाजूंनी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. काठावर तुतीची झाडं, खोडं पिळवटलेली, पोकळ. एकावर 1477 सालची पाटी. मी चहा सांगितला. किटलीतून कपात ओतलेला पहिला चहा तीनदा परत किटलीत गेला, मग प्यायला मिळाला. तोही अर्धाच प्याला. काठोकाठ भरून दिला तर समजायचं, पाहुण्याने आता उठावं.

मी त्या पायऱ्यांकडे बघत बसलो होतो. कुठेतरी पाहिलंय हे. आणि जरा अस्वस्थही होतो, का ते कळेना.

कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला. घरमालक आजोबा, शाळेत शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा नातू इंग्रजीत सांगायचा. मी विचारलं, गावात असे हौद किती होते? म्हणाले, शंभराच्या आसपास. प्रत्येक मोहल्ल्याला एक. पखालवाले त्यातूनच कातडी पखाली भरून घरोघरी पाणी घालायचे. मग सगळे बुजवले का? तर आजोबा म्हणाले, "पाण्यात रिश्ता होता."

हिला वाटलं, सोयरीक! पाण्याशी नातं वगैरे काहीतरी कवितेतलं असेल. नातूही अडला, त्याला इंग्रजी शब्द सापडेना. तेव्हा आजोबांनी पायजमा वर केला, पोटरीवर बोट टेकवलं, आणि दुसऱ्या हाताने हवेतच काडीला दोरा गुंडाळतात तसं हळूहळू गुंडाळायला लागले.

नारू!

मी ओरडलोच. रिश्ता म्हणजे फारसीत दोरा. 1985च्या सुमारास मी नवा कनिष्ठ अभियंता होतो तेव्हा आमच्या तालुक्यात हेच काम चाललं होतं. पायऱ्यांच्या विहिरी शोधायच्या, त्या बंद करायच्या किंवा कठडा बांधून पायऱ्या तोडायच्या, शेजारी हापसा बसवायचा, आणि बायकांना सांगायचं की पाणी फडक्याने गाळून प्या. नारू झालेला माणूस पाय बुडवून पाण्यात उतरला की जखमेतून कृमीची पिल्लं पाण्यात जातात, तिथले डोळ्याला जेमतेम दिसणारे सायक्लॉप्स नावाचे पाणकिडे ती खातात, ते पाणी कोणी प्यायलं की वर्षभराने त्याच्या पायातून हातभर दोरा बाहेर. तो ओढून तुटला तर संपलंच. रोज थोडा थोडा काडीला गुंडाळायचा. ज्यांनी पाहिलंय ते विसरत नाहीत. आपल्या देशातून नारू गेल्याचं 2000 साली जाहीर झालं.

बुखाऱ्यात हे दुखणं पुरातन. 1558 साली इथे आलेला जेंकिन्सन नावाचा इंग्रज व्यापारी या पाण्याबद्दल आणि पायातून निघणाऱ्या लांब किड्यांबद्दल लिहून गेलाय. 1920च्या दशकात लिओनिद इसायेव या डॉक्टरने मोहीम हाती घेतली, हौद उपसले, बुजवले, रोगी शोधले, आणि 1931च्या आसपास रिश्ता संपला. म्हणजे आपल्याकडे तसं जाहीर झालं त्याच्या जवळपास सत्तर वर्षं आधी. मी आजोबांना फोनवर आमच्याकडच्या एका बारवेचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, मग बायकोला बोलावून दाखवला.

त्यानंतर माझं बुखारा बदललं. लोक निळे घुमट बघत होते, मी बुजवलेले हौद. जुन्या गावात अचानक चौकोनी मोकळी जागा दिसली, मधे बाक आणि फुलझाडं असली, की समजायचं.

आता शुखोव. अर्क म्हणजे अमिराचा किल्ला. 1920 साली रशियाच्या लाल सेनेने त्यावर तोफा आणि बॉम्ब टाकले, आतलं बरंच जळून गेलं. त्याच्या समोर बोलो-हौज मशीद. वीस उंच लाकडी खांब, हौदात त्यांचं प्रतिबिंब पडतं म्हणून 'चाळीस खांबांची'. त्याच हौदाशेजारी एक लोखंडी सांगाडा उभा आहे, टोपलीसारखा विणलेला, मधे बारीक होत गेलेला. तिथे आलेल्या एका पर्यटक बाईंनी तो फोटोत येऊ नये म्हणून तीनदा जागा बदलली. ती पाण्याची टाकी! 1920च्या दशकाच्या शेवटी बांधलेली, आणि आराखडा शुखोवचा. हौद बंद करायचे तर नळाला पाणी हवं, नळाला दाब हवा, म्हणून ही टाकी. सरळ लोखंडी दांडे तिरके लावून वक्र मनोरा उभा करायची त्याची पद्धत, कमी लोखंडात भरपूर ताकद. वरची टाकी पुढे जळाली, आता लिफ्टने वर जाऊन गाव बघता येतं. मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा ही खालीच बसली.

विटांबद्दल लिहायलाच हवं. सामानी राजांची कबर ही बुखाऱ्यातली मला सर्वात आवडलेली वास्तू. दहाव्या शतकाच्या आसपासची, म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूट होते तेव्हाची. जेमतेम दहा-अकरा मीटरचा चौरस ठोकळा, वर घुमट. एकही रंगीत फरशी नाही, फक्त भाजलेली पातळ वीट. पण ती वीट आडवी, उभी, तिरकी अशी लावली आहे की भिंत बुरुडाने विणल्यासारखी दिसते. सकाळी नऊला गेलो तर वीण ठसठशीत, दुपारी बाराला सपाट, चारला पुन्हा वेगळीच. रंग सूर्याकडून फुकट घेतलाय. कल्यान मिनारही तसाच, 1127 सालचा, सेहेचाळीस-सत्तेचाळीस मीटर उंच; चंगीझखानाने गाव जाळलं, हा ठेवला. दोन्हीपुढे मला समरकंदचा निळा रंग जरा जास्तच शृंगार वाटायला लागला. हिचं मत उलट आहे, नोंद घ्यावी.

एक खटकलेली गोष्ट. बऱ्याच भिंतींना खाली कमरेएवढा पांढरा लोणा लागलाय. बोटाने खरवडलं की वीट पिठासारखी झडते. हौद गेले, घरोघरी नळ आले, भोवतालच्या कापसाच्या शेतांना आमूदर्या नदीचं कालव्याचं पाणी आलं. जमिनीखालचं खारं पाणी वर चढलं आणि आता भिंती ते शोषतात. नव्या विटा लावून, गिलावा करून झाकतात, दोन वर्षांत पुन्हा तेच. निचरा हा विषय कुठल्याच देशात कोणाला आवडत नाही.

जेवणाचं विचाराल म्हणून. ही शाकाहारी. पहिल्या दिवशी हिने मोठ्या विश्वासाने वेटरला सांगितलं, "नो मीट, ओन्ली सब्जी." तो खुश होऊन गेला आणि बशीभर गाजराचा कीस घेऊन आला. तिथे सब्जी म्हणजे गाजर! बाजार, दरवाजा, प्याला, अंजीर हे शब्द ऐकून आपल्याला उगाच वाटायला लागतं की भाषा येते. मग भोपळ्याचे तंदुरी सोमसे सापडले, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि गरम नान, आणि आमची शेंगदाण्याची चटणी होतीच. नान पालथा ठेवू नका, तो अपमान समजतात. मी पुलाव खाल्ला. भरपूर गाजर, मटण, आणि तेल आपल्याला जास्त वाटेल इतकं.

शेवटच्या दिवशी घुमटाखालच्या बाजारात फिरलो. एका घुमटाचं नाव तोकी सर्राफोन, म्हणजे आपला सराफ कट्टाच. इथे हिंदुस्तानातून आलेले सावकार बसत. दुसऱ्या बाजूला लोहाराच्या दुकानात करकोच्याच्या आकाराच्या कात्र्या लटकत होत्या. चोच म्हणजे पाती, पाय म्हणजे मुठी. पूर्वी इथे मिनारांवर आणि झाडांवर करकोच्यांची घरटी असत, हौदांतले बेडूक खायचे. हौद गेले, बेडूक गेले, करकोचे आले नाहीत. दुकानदार हे सांगताना एका हाताने कात्री उघडझाप करत होता.

तुम्ही जाणार असाल तर एप्रिल किंवा ऑक्टोबर. उन्हाळा भाजून काढतो. ई-व्हिसा घरबसल्या निघतो, अफ्रासियाबची तिकिटं मात्र लवकर संपतात, ती आधी काढा. समरकंदला दोन दिवस, बुखाऱ्याला किमान तीन. आणि कात्री घेतलीत तर मोठ्या बॅगेत टाका. आम्ही हातातल्या पिशवीत ठेवली होती, ताश्कंदच्या विमानतळावर काढून घेतली. मी परत रांगेतून बाहेर आलो, विनवण्या केल्या, बॅग पुन्हा काउंटरवरून मागवली, ही लांबून हात जोडत होती. आता ती कात्री स्वयंपाकघरात खिळ्याला असते. ही तिने कोथिंबीर कापते.