भाड्याचं घर आणि संपमधलं पाणी

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला बघितला आणि मग झोपेचं खोबरं झालं. तुमच्या बिल्डिंगचे कमिटीवाले म्हणतायत मीटिंगला ये, तुला कॉम्प्युटर येतो, हिशोब बघ. घरमालक पुण्यातनं फोन करून म्हणतोय असल्या भानगडीत पडू नको, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट आहे तुझं. आणि तू विचारतोस, काका काय करू. जा आणि बस. संप म्हणजे बिल्डिंगची जमिनीखालची पाण्याची टाकी. संपमधलं पाणी जो पितो त्यानं बसायचं. पण नुसतं जा म्हणून सोडलं तर तू तोंडघशी पडशील, म्हणून एवढं लिहितोय.

कर्नाटकात 1972 चा अपार्टमेंट ओनरशिपचा कायदा आहे, त्यात असोसिएशन म्हणजे फ्लॅटमालकांची, भाडेकरूची नव्हेच. मत पण डोकं मोजून नाही, डिक्लरेशनमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या रजिस्टर केलेल्या कागदात, ज्याच्या फ्लॅटला जेवढा टक्का लिहिलाय तेवढं त्याचं वजन. तुझा टक्का शून्य. हे आधी गिळ. मतदानाला हात वर करू नकोस आणि चेकवर सही तर अजिबात करू नकोस, कुणी किती पण गोड बोलू दे. मालकाकडनं लिहून घे की माझ्या वतीनं हा मीटिंगला बसेल, प्रॉक्सी, म्हणजे मालकाच्या जागी दुसरा बसलेला, चालते का ते तुमच्या बायलॉजमध्ये, म्हणजे नियमावलीत, बघ, आणि कमिटीनं तुला बोलावलंय हे मिनिट बुकात लिहायला लाव. तोंडी बोलावणं तोंडीच मागं घेतात, मला विचार.

मी बेळगावात टिळकवाडीत नऊ वर्षं भाड्यानं राहिलो. मेंटेनन्स मीच भरत होतो, पण नऊ वर्षांत एका मीटिंगला गेलो नाही. आपलं काय, उद्या सामान उचलून जायचं, असं म्हणत नऊ वर्षं काढली. दर मे महिन्यात मोटर जळायची आणि बायको खालनं तिसऱ्या मजल्यावर घागरी आणायची. एकदा ती म्हणाली, मालक बेंगळूरात शॉवर घेतोय आणि आमची मोटर कधी बदलायची ते तो ठरवतोय. मी पेपर वाचत होतो, हूं म्हटलं.

मग खानापूर रोडच्या बाजूला स्वतःचा फ्लॅट घेतला, दोन वर्षांत सेक्रेटरी झालो. जूनची मीटिंग होती, उद्यमबागेत फौंड्रीत कामाला असलेला एक भाडेकरू आला आणि म्हणाला, संपच्या पाण्याला वास येतोय, ड्रेनेजचा चेंबर अगदी चिकटून आहे, एकदा उघडून बघा. मी काय म्हटलं माहीत आहे? मालकाला पाठवा. सगळ्यांसमोर. तो चप्पल घालून गेला.

कायद्यानं माझं काही चुकलं नव्हतं. अजेंड्यावर विषय नव्हता, मालकाचं पत्र नव्हतं, एकाला बोलू दिलं तर उद्या सगळेच येतील असं बाकीचे पण म्हणत होते, मी एकटा नव्हतो. हे मी आज पण सांगेन. पण जुलैत बेळगावचा पाऊस लागला, चेंबर तुंबला, आणि सात घरात जुलाब. संप रिकामा केला तर तो म्हणाला होता त्याच भिंतीला बोटभर भेग. ऑगस्टमध्ये त्यानं घर सोडलं, टेम्पो भरताना मी वर खिडकीत उभा होतो. खाली गेलो नाही.

म्हणून, संपमधलं पाणी जो पितो त्यानं बसायचं. मला काय मिळणार असं लिहिलायस ते वाचून डोकं फिरलं बघ माझं. काय मिळणार? स्वच्छ पाणी मिळेल की, बाबा.

आता कुठं गप्प बसायचं ते पण ऐक. बिल्डिंगला रंग कुठला, कॉर्पस फंड, म्हणजे बिल्डिंगचा साठवलेला पैसा, कसा गुंतवायचा, टेरेस मोबाईल टॉवरला द्यायची काय, हा मालकांचा प्रश्न, त्यात तोंड घालू नकोस. पाणी, लिफ्ट, वॉचमन, कचरा, पॅसेजचे दिवे, ह्यावर मात्र सोडू नकोस, तारीख घालून लेखी दे. आणि महापालिकेची, वीज कंपनी हेस्कॉमची नोटीस कन्नडमधनं येते, तुमच्याकडे अर्ध्या आज्यांना ती वाचता येत नाही. तुला दोन्ही येतं, तर नोटीस बोर्डावर खाली मराठीत चार ओळी लिही. भाषेचं भांडण चौकात ठेवायचं, मोटर बंद पडल्यावर दोघांचा पण नळ कोरडाच असतो. मग बघ, भाडोत्री म्हणणारी तोंडं तुला हाक मारून बोलवतील. नाही बोलवली तरी बस.

कुणीतरी म्हणेलच, तुझा काय संबंध. तेव्हा चिडू नकोस, मेंटेनन्सची पावती काढून टेबलावर ठेव. मी नऊ वर्षांच्या पावत्या रद्दीत घातल्या.

मालकाचं पत्र व्हॉट्सॲपवर नको, सही करून कुरिअरनं मागव. रविवारी वही घेऊन जा, पहिला प्रश्न संप शेवटचा कधी धुतला हा विचार. आणि उत्तर मिळेपर्यंत पाणी उकळून पी.