शेंगा घेऊन येतो

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

"काका, दादाला समजावून समजावून थकलो," म्हणालास फोनवर. समजावणं जरा राहू दे. त्याला सगळं समजतंय. आणि आई म्हणतात तसा हा आळसही नव्हे, नैराश्याचं दुखणं दिसतंय. आळशी माणसाला लोळण्यात मजा तरी येते.

माझं सांगतो. २० वर्षांपूर्वी माझीही हीच गत होती. सकाळी मोरीत बादली भरून वाहायची, पाणी पायावरून जायचं, आणि मी नळाकडे बघत नुसता उभा. हात उचलून तो बंद करणंच व्हायचं नाही. त्यात दुःख असं नव्हतं रे. दुःख असतं तर रडलो तरी असतो.

त्या संक्रांतीला भावकीने मला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला नेलं. "तेवढाच बदल." होम मैदानावरचे पाळणे, भोंगे, धक्काबुक्की... परत आल्यावर तीन दिवस अंथरूण सोडलं नाही. हेतू चांगलाच होता त्यांचा, पण तुला झेपेल का, हे कुणी विचारलं नाही.

चादरीच्या कारखान्यातला एक मित्र मात्र सुट्टीच्या दिवशी यायचा. सोबत पिशवीभर शेंगा. पेपर अंथरायचा आणि सोलत बसायचा, घरी चटणी कुटायची म्हणून. मागाचं, मालकाचं रडगाणं गायचा. मी उत्तर दिलं नाही तरी त्याचं काही अडायचं नाही. चौथ्या की पाचव्या खेपेला मी एक शेंग उचलली. त्याने बघितलं नाही. (बघितलं असणारच, दाखवलं नाही.)

"काही लागलं तर सांग" म्हणतोस ना, ते सांगणं दादाच्याने होणार नाही. त्यापेक्षा "चहा ठेवतोय, अर्धा कप ओतू का?" असं विचार. नको म्हणाला तर नको. उद्या परत विचार.

डॉक्टरांच्या बाबतीत मात्र चालढकल नको. दोन आठवड्यांच्या वर झालंय. थायरॉइड वगैरे तपासायला सांगितलं तर तेही करा. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. मळमळ, कोरड असला त्रास आधी होतो, आणि तिथेच लोक गोळ्या सोडतात. बरं वाटल्यावरही परस्पर बंद करायच्या नाहीत. मी केल्या होत्या, पुन्हा मोरीत उभा राहिलो.

आणि एक. "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" हे त्याला सरळ विचार. विचारल्याने नसलेलं डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. तुझा धीर सुटला तर तूही लाव.

रविवारी येतो. समजवायला काका येतायत, असं दादाला सांगू नकोस. शेंगा मी आणतो, जुना पेपर काढून ठेव.

तुझा,
काका