मुलांची सुट्टी मुलांना परत कर

प्रिय मावशी,

मी तेवीस वर्षांची. जुलैपासून टांझानियात, किलिमांजारोच्या उतारावरच्या एका सरकारी माध्यमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवते. वर्षभरासाठी आले आहे. काम मनापासून आवडतं, मुलं गोड आहेत. पण डिसेंबर लागला आणि माझा धीर सुटत चाललाय. शाळा बंद होतेय. माझ्याबरोबरचे बाकीचे स्वयंसेवक नाताळात झांझिबारला समुद्रावर चाललेत. त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही. आई रोज फोनवर रडते, म्हणते, "परक्या मुलखात एकटी कशी राहशील, तिकीट काढते, निघून ये." बाबांचं म्हणणं, हाती घेतलेलं काम सोडून यायचं नाही. रात्री वीज गेली की मी नुसती छताकडे बघत पडते.

तशी मी रिकामी बसणार नाहीये. सुट्टीतही रोज सकाळी फॉर्म वनच्या, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा इंग्रजीचा जादा वर्ग ठेवलाय, मुख्याध्यापक लगेच हो म्हणाले. गणिताच्या बाईंनी नाताळला घरी बोलावलं होतं, पण त्यांच्याकडे सगळं गोत जमतं आणि माझी स्वाहिली वर्गापुरतीच, म्हणून उगाच अडचण नको असं त्यांना सांगितलं. मावशी, घरी येऊ, झांझिबारला जाऊ, की मन घट्ट करून इथेच दिवस काढू?

– डोंगराच्या पायथ्याशी एकटी

पोरी,

आईचं रडणं, बाबांचा करारीपणा, समुद्रावर निघालेली टोळी, सगळं वाचलं. त्यातलं काही मला फार गंभीर वाटलं नाही. तेविसाव्या वर्षी परमुलखात, सगळे आपापल्या माणसांत निघालेले असताना घर आठवणारच. आठवलं नसतं तर मला काळजी वाटली असती. मी अडखळले ते तू जाता जाता टाकलेल्या वाक्यापाशी. रोज सकाळी जादा वर्ग. फॉर्म वनच्या मुलांचा. सुट्टीत.

कुणाच्या सुट्टीत गं?

हे वाक्य तू स्वतःच्या जमेच्या बाजूला मांडलं आहेस. बघा, मी एवढी दुःखात असूनही काम करतेय. मला मात्र त्यात एकटी पडलेली मुलगी दिसते, जिने स्वतःची सकाळ भरून काढायला दुसऱ्यांची पोरं बोलावून घेतली आहेत. राग आला तर येऊ दे, पण तुझंच पत्र परत वाच. मुलांनी वर्ग मागितला असं त्यात कुठे नाही. आईबापांनी गळ घातली असंही नाही. मुख्याध्यापक लगेच हो म्हणाले, यात नवल ते काय? परदेशातून आलेली बाई फुकट शिकवते म्हणतेय, त्यांच्या खिशाला चाट नाही. ते नाही कशाला म्हणतील?

आणि मुलं तर म्हणूच शकत नाहीत. तू ज्या देशात आहेस त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे राजकारणात येण्याआधी शिक्षक होते, आणि लोक त्यांना शेवटपर्यंत 'म्वालिमु' म्हणत राहिले. म्हणजे गुरुजी. इतका मान आहे तिथे शिकवणाऱ्याला. तू वर्गात शिरलीस की मुलं उठून उभी राहतात, रस्त्यात भेटलीस की आधी नमस्काराचं 'शिकामू' म्हणतात. ती तुझ्या तोंडावर "बाई, आम्हाला नाही यायचं" असं सांगतील असं वाटतं का तुला? ती येतील. पाऊस अजून रेंगाळत असेल, चिखल तुडवत येतील, वह्या उघडून बसतील, आणि तुला वाटेल, किती आवडतं यांना शिकायला!

त्या सकाळी त्यांचं काय बुडतं आहे, याची चौकशी केलीस का?

तुझ्या भोवतीचा मुलूख चागा लोकांचा. डोंगरउतारावर जमीन थोडी आणि माणसं दाटीवाटीने, त्यामुळे धंद्यापाण्यासाठी, नोकरीसाठी ही माणसं देशभर पांगलेली. नाताळ आला की सगळी उलटी डोंगराकडे निघतात. दार एस सलाम शहरापासून डोंगराच्या पायथ्याचं मोशी सुमारे साडेपाचशे किलोमीटर, आणि डिसेंबरात त्या वाटेवरच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. कित्येक वर्षं बंद पडलेली दार-मोशी प्रवासी रेल्वे २०१९ मध्ये परत सुरू झाली तीसुद्धा डिसेंबरातच. घराभोवती केळी आणि कॉफीची बाग असते, तिला किहाम्बा म्हणतात. त्या बागेतच आजे-पणजे पुरलेले असतात, म्हणून कुठेही पोट भरत असलं तरी माणूस वर्षातून एकदा तिथे येऊन उभा राहतो. बोकड पडतो. केळी आणि नाचणीची म्बेगे नावाची दारू आंबवलेली असते. वर्षभर शहरात राबणारा बाप तेवढेच दिवस घरात दिसतो. मोठा भाऊ येतो, त्याची नवी बायको येते, आत्या येते, एरवी फोनवरच भेटलेली चुलत भावंडं येतात.

आणि त्या बापाची तेरा-चौदा वर्षांची मुलगी तेव्हा कुठे असणार? शाळेत, तुझ्यासमोरच्या बाकावर, प्रेझेंट परफेक्ट घोकत. 'आय हॅव नॉट सीन माय फादर सिन्स लास्ट ख्रिसमस.' फळ्यावर लिहायला वाक्य छान आहे.

विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ हा मुलांचा हक्क आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत ३१ व्या कलमात लिहिलेलं आहे. टांझानियाने ती मान्य केली आहे, आपणही केली आहे. तुला कायदा दाखवून घाबरवायचं नाहीये मला. पण जगभरातल्या शहाण्या माणसांनी एकत्र बसून मुलांच्या रिकामपणासाठी वेगळं कलम लिहिलं, ते कुणीतरी तो रिकामपणा सारखा हिसकावून घेतं म्हणूनच. बहुतेकदा चांगल्या हेतूने.

आता तू म्हणशील, मावशी, तुम्हाला इथली परिस्थिती माहीत नाही. माहीत आहे थोडी. सरकारी प्राथमिक शाळेत सात वर्षं सगळं स्वाहिलीत शिकायचं आणि फॉर्म वनला पाऊल टाकलं की एका रात्रीत भूगोल इंग्रजीत, जीवशास्त्र इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. फॉर्म टूच्या शेवटी देशपातळीवरची परीक्षा. पोरांच्या तोंडाला फेस येतो, आणि तुझी तळमळ खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ही अडचण सगळ्या व्यवस्थेची आहे, ती नाताळातल्या दोन आठवड्यांत सुटायची नाही. जानेवारीत शाळा उघडली की शाळा सुटल्यावर तासभर थांब, ज्याला हवं त्याने थांबावं असं सांग, बघ किती थांबतात. तेव्हा थांबतील ती खरी तुझी मुलं. आणि उद्या मुलं आपणहून दाराशी येऊन म्हणाली की बाई सुट्टीत शिकवा, तर माझं हे सगळं बोलणं मागे घेऊन टाक.

त्या वर्गाची खरी गरज कुणाला आहे, ते तुला मनातून ठाऊक आहे. फळ्यापुढे उभी राहिलीस की तू कुणीतरी असतेस. खडू हातात, आवाज खणखणीत, चाळीस डोळे तुझ्याकडे. शाळा बंद झाली की तू जिला धड भाजी मागता येत नाही अशी परदेशी मुलगी उरतेस. वर्गापुरती स्वाहिली म्हणजे काय असते त्याची मला कल्पना आहे. 'काएनी', 'न्यामाझेनी'. बसा, गप्प बसा. सहा महिने तू त्या गावात हुकूम सोडायलाच शिकली आहेस, मग रात्री वीज गेल्यावर बोलायला कोण असणार? एकटेपणा झांझिबारच्या बोटीत बसून जाणारा नाही, विमानात बसूनही जाणारा नाही, आणि जादा वर्ग घेऊन तर तो वाढतच राहील, कारण वर्गात तुला कुणी काही विचारू शकत नाही. तिथे तूच विचारतेस.

म्हणून गणिताच्या बाईंना नकार दिलास ते मला जास्त खुपलं. अडचण नको म्हणे! ज्या घरात चाळीस माणसं जेवतात तिथे एकेचाळिसाव्या ताटाची अडचण होते? अडचण तुझी होणार होती. त्या घरात तू म्वालिमु नसशील. तुला कुणी चाकू देईल आणि हिरव्या केळ्यांचा घड पुढे सारेल. कच्चं केळं पिकल्या केळ्यासारखं सोलत नाहीत. साल मांसाला घट्ट धरून असते, तिच्यावर उभा चिरा मारून ती उचकटावी लागते, आणि चीक बोटांना लागला की काळा पडतो, साबणाने निघत नाही. जाणत्या बायका आधीच हाताला तेल चोपडतात. तुला हे ठाऊक नसेल. तू अर्धा गर सालीबरोबर काढशील. घरातली म्हातारी, तिला तिथे बीबी म्हणतात, तुझ्या हातातून चाकू काढून घेईल आणि पोरं खिदळतील. त्यांत तुझ्याच वर्गातला एखादा असेल आणि जानेवारीत अख्ख्या शाळेला कळेल की इंग्रजीच्या बाईंना केळं सोलता येत नाही.

ह्यालाच तू भितेस. आणि हेच तुला हवं आहे.

अमेरिकेची पीस कॉर्प्स १९६१ पासून तुझ्यासारख्या तरुण पोरांना परदेशी शाळांत धाडते. त्यांचीही माणसं आधी साधारण तीन महिने प्रशिक्षण घेतात, आणि त्या काळात बहुतेकांचा मुक्काम गावातल्याच एखाद्या घरात असतो. भाषा येते ती त्या घराच्या स्वयंपाकघरात. तुला तुझ्या संस्थेने थेट खोली आणि खडू दिला, ती त्यांची चूक. पण आता स्वयंपाकघर चालून तुझ्या दाराशी आलं होतं, तर तू त्याला परत पाठवलंस.

तेव्हा आता पर्याय-बिर्याय काही नाही. उद्या सकाळी मुख्याध्यापकांकडे जा आणि वर्ग रद्द कर. कारण विचारलं तर खरं सांग, की मुलांनी घरी असावं असं वाटतं. मुलांनाही निरोप धाडू नकोस, स्वतः सांग. त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते नीट बघ. आनंद दिसला तर मनाला लावून घेऊ नकोस. तिथून गणिताच्या बाईंकडे जा आणि म्हण, मी चुकून नाही म्हटलं, अजून जागा आहे का? त्या 'करीबु', म्हणजे ये, असं म्हणतील. मग कधी येऊ, काय आणू आणि मला कामाला लावाल ना, एवढं विचार. मुक्काम गावाबाहेर असेल तर संस्थेला पत्ता कळव.

तिकडे एक म्हण आहे, न्येरेरेंनी १९६२ च्या एका लेखात ती सांगितली आहे: पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. तू जुलैपासून पाहुणीच आहेस. तीन दिवस राहणार असशील तर दुसऱ्याच दिवशी कुदळ माग. पाणी आण, भांडी घास, चर्चमध्ये सगळ्यांबरोबर जा. प्रार्थना चांगली लांबते, चुळबुळ करू नकोस. फोन पिशवीत ठेव. बोकड कापतानाचे आणि उघड्यावागड्या पोरांचे फोटो काढून घरी पाठवायचे नाहीत. तुझ्या वर्गातलं कुणी भेटलं तर इंग्रजीत बोलायला लावू नकोस. उलट त्याला विचार, याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. तो चुकेल तिथे हसेल, तू चुकशील तिथे तर जास्तच हसेल.

आईचं काय? आईला आज फोन कर आणि सांग, यंदा मी येत नाहीये, मला एका घरी बोलावलंय. बघ, रडणं निम्मं थांबतं की नाही. तिला धास्ती आहे ती तू छताकडे बघत पडतेस त्याची. आणि ते तूच तिला रोज साग्रसंगीत ऐकवतेस, हो ना? बाबांना काही सांगायची गरज नाही, त्यांचं म्हणणं आपोआप राहतंय. झांझिबार आहे तिथेच राहणार आहे, जूनमध्ये काम संपल्यावर जा, तेव्हा बरोबर कोण आहे याचं एवढं वाटणार नाही.

आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. चॉकलेटं नकोत, ती पोरांमध्ये पाच मिनिटांत संपतात आणि भांडणं लागतात. साखर ने, तेल ने, साबण ने. साखर पाच किलो तरी घे, किलोभर साखर त्या घरात सकाळच्या चहालाही पुरायची नाही.

– मावशी