जवळ पैसे नसताना छोटा ऑनलाइन व्यवसाय कसा सुरू करावा आणि लोकांपर्यंत कसा पोचवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी सांभाळून संध्याकाळचे दोन तास हाताशी आहेत, हातानं बनवलेल्या वस्तू ऑनलाइन विकायच्यात, जाहिरातीला पैसे जवळजवळ नाहीतच. मग आधी लोगो करावा, वेबसाइट करावी की थोडी जाहिरात?

तिन्ही नको. आधी दहा गिऱ्हाइकं शोधा, एकेक करून. हे मी ठेच खाऊन सांगतोय.

मी वह्या शिवतो. जाड कागदाच्या, दोऱ्यानं शिवलेल्या, टेबलावर सपाट उघडणाऱ्या. सहा वर्षांपूर्वी सुरुवात केली तेव्हा पहिले चार महिने एकही वही विकली नाही, कारण माझी ‘तयारी’ चालू होती. लोगोचे अकरा नमुने काढले. नावावर तीन आठवडे घालवले. वेबसाइटवरचं ‘आमच्याविषयी’ हे पान इतक्यांदा लिहिलं की ‘आम्ही’ म्हणजे मी एकटाच, हे मीच विसरायला लागलो. मग एका रविवारी दुकान उघडलं. पहिल्या आठवड्यात भेटींचा आकडा बरा दिसला, पण त्यातल्या निम्म्या भेटी माझ्याच. ऑर्डर आली का बघायला दर तासाला मीच डोकावत होतो.

त्यानंतरची चूक जास्त महागात पडली. एका समाजमाध्यमावर जाहिरात लावली. तीन दिवसांत तीन हजारांवर लाइक, ऑर्डर शून्य. तेव्हा वाटलं, आपल्या वह्याच वाईट. खरं कारण बऱ्याच उशिरा कळलं. जाहिरात लावताना उद्देश विचारतात, तिथं मी न वाचताच लाइक-कमेंट मिळवण्याचा पर्याय दाबला होता. ती यंत्रणा आज्ञाधारक असते. लाइक मागितले तर दिसेल त्याला लाइक करणारी माणसं हुडकून काढते आणि त्यांच्यापुढे तुमचं चित्र धरते. तीच माणसं वही विकत घेतील असं कुणी सांगितलंय? बरं, विक्रीचा उद्देश निवडला तरी नव्या दुकानाची पंचाईत असतेच. कोणती माणसं विकत घेतात हे त्या यंत्रणेला आधीच्या खरेद्यांवरून शिकावं लागतं, आणि आपल्याकडे खरेद्याच नसतात. म्हणजे तिला शिकवायची फी आपण भरायची. सुरुवातीला हे परवडत नाही.

गाडी हलली ती एका फालतू वाटणाऱ्या प्रश्नानं. फाउंटन पेनवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये मी दोनेक महिने होतो. विकायला नव्हे (त्या ग्रुपचा तसा नियमच होता), कागदाबद्दल कुणी काही विचारलं तर सांगायला. तिथं एकानं मला विचारलं, “तुमच्या वहीत शाई मागच्या पानावर उतरते का?” मी “नाही” असं टाइप केलं आणि थांबलो. नाही तर कुणीही म्हणेल. मग माझ्याकडचं सगळ्यात जास्त शाई सोडणारं पेन घेतलं, एक पान भरून लिहिलं, पान उलटलं आणि खिडकीशी आडव्या उजेडात त्या मागच्या बाजूचा फोटो काढला. पान कोरं होतं, फक्त दोन ठिकाणी बारीक ठिपके उमटले होते. विचार करताना मी निब कागदावर टेकवून ठेवली होती, तिथले. फोटो कापून ते ठिपके घालवता आले असते. मी ते राहू दिले आणि खाली लिहिलं, “निब टेकवून थांबलो तिथं दोन ठिपके उतरलेत, बाकी पान हे असं आहे.”

रात्रीपर्यंत चार जणांनी वही कुठं मिळेल म्हणून विचारलं. त्यातल्या एकानं लिहिलं, ठिपके दाखवलेत म्हणून बाकीच्यावर विश्वास बसला. चार महिन्यांच्या तयारीनं जे जमलं नव्हतं ते एका उलट्या पानानं केलं, आणि त्याला खर्च आला एका पानाचा.

त्या रात्री मी माझं विक्रीचं पान पुन्हा वाचलं. वर लिहिलं होतं, ‘निसर्गाशी नातं जपणारं प्रीमियम हस्तनिर्मित जर्नल’. वाचून लाज वाटली. असं काही कुणी शोधत असेल का? लोक शोधतात ‘शाई फुटत नाही अशी वही’, ‘सपाट उघडणारी वही’, ‘डावखुऱ्यांसाठी वही’. मी मथळा बदलला, उलट्या पानाचा फोटो सगळ्यात वर घेतला. फुकटातलं मार्केटिंग म्हणजे मुख्यतः हेच काम आहे असं माझं मत झालंय: गिऱ्हाईक ज्या शब्दांत अडचण मांडतं, तेच शब्द उचलून आपल्या पानावर ठेवायचे.

हे शब्द सापडतात कुठं? गूगलमध्ये अर्धं वाक्य टाइप करून थांबा, ते पुढचं सुचवतं. त्या सूचना लोकांच्या खऱ्या शोधांवरूनच येतात. मोठ्या बाजारपेठांच्या साइटवर तुमच्यासारख्या वस्तूंची परीक्षणं वाचा, पण दोन आणि तीन तारेवाली. पाच तारेवाले आभार मानतात, एक तारेवाले बऱ्याचदा पार्सल उशिरा आल्याचा राग काढतात. मधले लोक मात्र नेमकं काय हवं होतं आणि काय मिळालं नाही ते सांगतात. मी असल्या वाक्यांसाठी एक वेगळी वहीच केलीय. वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, सुधारायचं नाही. मग एकेका प्रश्नाला आपल्या साइटवर एकेक पान द्यायचं, फोटोसकट. ‘कागदाचं जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) म्हणजे काय आणि शाईसाठी किती हवं’ असं एक पान मी लिहून ठेवलंय, अजूनही लोक त्यावरून येतात.

यात घाई चालत नाही. शोधातून फरक दिसायला बहुतेकदा चार महिने ते एक वर्ष लागतं असं गूगलच्याच माणसांनी सांगितलेलं आहे, आणि माझा अनुभव त्याच्या मधोमध, सात-आठ महिन्यांचा. या काळात तुम्हाला ‘पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणणारे फोन येतील. त्यांच्या यादीत ‘मेटा कीवर्ड भरून देऊ’ (म्हणजे पानाच्या कोडमध्ये, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या टॅगमध्ये शोधशब्द भरणं) असं काही दिसलं तर हसून फोन ठेवा. क्रमवारी लावताना आपण तो टॅग बघतच नाही, हे गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय. कोणत्या शब्दांवरून लोक तुमच्यापर्यंत आले ते बघायला गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, तेवढं पुष्कळ झालं.

आता वेबसाइटचं. वस्तू खपते की नाही हे कळण्याआधी तिच्यात जीव अडकवू नका. १९९९ मध्ये निक स्विन्मर्न नावाच्या माणसाला ऑनलाइन बूट विकायचे होते, पण लोक न घालून बघता बूट घेतील का, हीच शंका होती. तो बुटांच्या दुकानांत गेला, फोटो काढले, साइटवर टाकले. ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीत तो जोड विकत घेऊन पाठवायचा. सौद्यात कमाई काही नाही, पण प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्यातूनच झॅपोस हे बुटांचं ऑनलाइन दुकान उभं राहिलं. २०१० मध्ये बफर (समाजमाध्यमांवरच्या पोस्ट आधीच ठरवून ठेवायचं साधन) सुरू करणाऱ्या जोएल गॅस्कॉइननं तर सॉफ्टवेअर लिहिण्याआधी फक्त पान केलं. काय मिळणार त्याची माहिती, एक बटण, आणि बटण दाबलं की ‘अजून तयार नाही, ईमेल देऊन ठेवा’. मग मध्ये दरांचं एक पान घातलं, लोक पैसे लागणारा पर्याय दाबतात का ते बघायला. लोकांनी दाबला, मग तो कामाला लागला.

तुमच्यापुरतं याचं भाषांतर सोपं आहे. तीन नमुने, चार स्वच्छ फोटो, एक साधा फॉर्म आणि पैसे घ्यायची एक सोय. एवढ्यावर पहिल्या वीस-पंचवीस ऑर्डरी निघतात. आगाऊ पैसे घेतलेत तर पाठवायची तारीख लिहून द्या आणि ती पाळा. नव्या माणसाला एक उशीर माफ होतो, थाप माफ होत नाही.

पत्त्यांच्या यादीबद्दल थोडं. समाजमाध्यमावरचे अनुयायी आपले नसतात. तिथला नियम बदलला की कालपर्यंत हजारांना दिसणारी पोस्ट आज पन्नासांना दिसते. ईमेलची यादी आपली असते. माझ्या यादीत बरेच महिने चाळीसच माणसं होती, पण नवी वही आली की त्यातले पाच-सहा घ्यायचेच. महिन्यातून एक पत्र, त्यात एक कामाची गोष्ट आणि शेवटी विक्रीची एक ओळ. विचारल्याशिवाय कुणाचा पत्ता यादीत घालायचा नाही. १९७८ मध्ये गॅरी थ्युर्क यांनी आर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या आधीचं संगणकांचं जाळं) जवळपास चारशे लोकांना न विचारता संगणकांची जाहिरात धाडली होती. ते आजही ओळखले जातात ते पहिल्या स्पॅमचे जनक म्हणून.

व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस अ‍ॅप छोट्या दुकानदाराला फुकट आहे. कॅटलॉग लावता येतो, नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात. पण साध्या ब्रॉडकास्ट यादीवर, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना पाठवायच्या सोयीवर, फार भिस्त ठेवू नका. ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलाय त्यालाच तो संदेश पोचतो. मी आधी दोनशे जणांना पाठवून उत्तराची वाट बघत बसलो होतो, आणि नंबर जतन केलेले निघाले एकोणीस! त्यामुळे पार्सल निघाल्याचा संदेश पाठवतानाच मी लिहितो, “नंबर सेव्ह करून ठेवा, पार्सल कुठवर आलं ते इथंच कळवीन.” कारण खरं असलं की लोक करतात.

आणखी एक जागा बहुतेक जण वाया घालवतात, ती म्हणजे विकलेली वस्तूच. १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं तेव्हा त्यांच्याकडून निघणाऱ्या प्रत्येक ईमेलच्या तळाशी एक ओळ जायची: तुम्हालाही फुकट ईमेल हवा असेल तर इथं या. दीड वर्षात वापरणारे सव्वा कोटीच्या आसपास गेले आणि मायक्रोसॉफ्टनं कंपनी विकत घेतली. आपण हॉटमेल नाही, पण आपली वस्तूही कुणाच्या तरी टेबलावर, कुणाच्या तरी नजरेसमोर असते. मी वहीच्या शेवटच्या पानाच्या आत, तळाशी, बारीक अक्षरात साइटचा पत्ता छापतो. वही संपते तेव्हा माणूस नेमका त्याच पानावर असतो. शिवाय पार्सलमध्ये त्याच कागदाचं एक सुटं पान टाकतो, ‘तुमच्या पेनप्रेमी मित्राला लिहून बघायला द्या’ असं सांगून. पुन्हा येणाऱ्या ऑर्डरींपेक्षा या सुट्या पानांवरून आलेल्या ऑर्डरी जास्त आहेत. हा मी काढलेला हिशेब आहे, नव्या गिऱ्हाइकाला “कुठून कळलं?” हे विचारायला विसरत नाही.

पैसे लावून जाहिरात कधी करावी? जेव्हा साधं गणित मांडता येईल तेव्हा. पान बघणाऱ्या शंभरांपैकी दोन जण घेत असतील तर एका गिऱ्हाइकामागे पन्नास क्लिक लागतात. एका क्लिकचा खर्च गुणिले पन्नास, हा आकडा एका वहीच्या नफ्यापेक्षा कमी असेल तरच पुढं व्हा. शंभरातले दोन की पाच की शून्य, हेच माहीत नसताना जाहिरात लावणं म्हणजे मी केलं तेच. आणि अनुयायी किंवा परीक्षणं विकत घेण्याच्या वाटेला जाऊ नका. पकडलं गेलं तर खातं जातं, नाही पकडलं गेलं तरी ती माणसं विकत काहीच घेत नाहीत.

तुमचे दोन तास मी असे वाटले असते: पहिला तास वस्तू करण्यात, अर्धा तास जिथं तुमचं गिऱ्हाईक बोलतं तिथं ऐकण्यात आणि मदत करण्यात, उरलेल्या अर्ध्यात फोटो, उत्तरं, पार्सलं. पहिले दोन-तीन महिने त्या मधल्या अर्ध्या तासाचं काहीच फळ दिसणार नाही, आणि नेमका तोच सोडून द्यावासा वाटेल.

लोगोचं सांगायचं राहिलं. ते अकरा नमुने अजून संगणकात पडून आहेत. पार्सलवर मी रबरी शिक्का मारतो, नुसतं नाव आहे त्यात, आणि तो जरा तिरका उमटतो. एकदा नवा, सरळ शिक्का करून घेतला तर दोघातिघांनी विचारलं, “दुकान दुसऱ्या कुणाला दिलंत का?” तेव्हापासून परत जुनाच वापरतोय.