देव बुडाला तर लोक हसतात का?

प्रिय मनू,

आत्याने वाडीहून पाठवलेला व्हिडिओ बघून तू झोपताना विचारलंस, "देऊळ पाण्यात बुडालंय आणि लोक हसत हसत आंघोळ काय करतायत?" तेव्हा झोप म्हटलं. आता नीट सांगते.

ते गाव म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं नृसिंहवाडी. लोक म्हणतात नरसोबाची वाडी, नाहीतर नुसतं वाडी. तिथे कृष्णेला पंचगंगा मिळते आणि संगमाजवळच, घाटाच्या पायऱ्यांना लागून दत्ताचं देऊळ आहे. गाव वर, देव खाली. त्यामुळे नदी चढली की आधी देवाच्या दारात येते. गाभाऱ्यात तुझ्या चित्रातली तीन तोंडांची मूर्ती शोधू नकोस. तिथे पूजा होते ती पादुकांची, मनोहर पादुकांची. दत्ताचा अवतार मानले जाणारे नृसिंह सरस्वती बारा वर्षं इथे राहिले आणि गाणगापूरला निघताना पादुका ठेवून गेले, अशी श्रद्धा आहे.

आता पाणी. कृष्णा महाबळेश्वरहून येते, कराडला तिला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. पंचगंगा येते कोल्हापूरकडून. राधानगरी धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं. कोयनेतूनही विसर्ग चालू असला, तर फुगलेली कृष्णा पंचगंगेला आत शिरूच देत नाही. पंचगंगेचं पाणी मागे तुंबतं. याला तिकडे 'फूग' म्हणतात. म्हणून कधी कधी वाडीत पावसाचा थेंब नसतो, ऊन पडलेलं असतं, आणि पाणी मात्र पायरी पायरीने वर येत असतं.

देवळाच्या अंगणात पाणी आलं की पुजारी उत्सवमूर्ती उचलून वरच्या नारायण स्वामींच्या मंदिरात नेतात. पादुका जागेवरच राहतात. मग पाणी उत्तरेकडच्या दारातून आत शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडतं. हाच 'दक्षिणद्वार सोहळा'. एरवी पादुकांवरचं तीर्थ पळीभर हातावर मिळतं. त्या दिवशी नदीच अभिषेक करते आणि अख्खा प्रवाह तीर्थ होतो. लोक दक्षिण दारापाशी उभे राहून त्यात न्हातात. तुला दिसलं ते हे.

यात वेळ फार नाजूक असते. पाणी कमी असलं तर पादुकांपर्यंत पोचत नाही. जास्त झालं तर दारच पाण्याखाली जातं आणि स्नान बंद. धरणातून एकदम मोठा विसर्ग झाला तर मधली अवस्था थोड्याच वेळात निघून जाते. रात्री दोनला पाणी दाराशी आलं तर लोक रात्री दोनला न्हातात. पाणी वाढताना होतो तो चढता दक्षिणद्वार, ओसरताना पुन्हा होतो तो उतरता. एका पावसाळ्यात दोन-चारदा होतो, एखाद्या वर्षी होतही नाही.

स्नानाला जाणाऱ्यांनी अंगावर सोनं ठेवू नये, धरायला बांधलेला दोर सोडू नये, आणि स्वयंसेवक "बास" म्हणाले की बाहेर यावं. फरशीवर शेवाळ आणि गाळ असतो. पाय घसरला की दारातला ओढा माणसाला बाहेर खेचतो, आणि बाहेर थेट नदी. पोहता येतं म्हणणारेच इथे जास्त फाजील धीट होतात, असं माझं मत.

आणि हसणं नेहमीचं नाही बरं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हा वाडी, शिरोळ, कुरुंदवाड सगळीकडे पाणी होतं, माणसं आणि जनावरं बोटीतून काढावी लागली. तेव्हा सोहळ्याचं नाव कोणी काढलं नाही. पूर ओसरल्यावरचं काम तर आणखी किचकट. पाणी उतरत असतानाच खराट्याने गाळ ढवळून पाण्याबरोबर बाहेर लोटायचा. एकदा का तो वाळला, की सिमेंटसारखा धरतो आणि फावड्याने खरवडावा लागतो. पेढे-बासुंदीच्या दुकानांतही हेच.

आता व्हिडिओ पुन्हा लाव आणि भिंतीकडे बघ. पाण्याच्या वर ओल्या गाळाची पट्टी दिसत असेल तर पाणी आधी तिथवर चढून गेलंय, म्हणजे उतरता. भिंत कोरडी असेल तर बहुतेक चढता. काय दिसतं ते ठरव आणि रविवारी आत्याला फोनवर विचारून बघ.

तुझी,
आई